बादशहाच्या शत्रूची तसबीर

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात पुस्तकाच्या पानाएवढे एक मोगल चित्र आहे. ते १६१६ च्या सुमाराचे असून चित्रकार आहे अबुल हसन. चित्रात बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या मस्तकामागे सोनेरी प्रभामंडळ आहे, हातात ताणलेले धनुष्य आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या वर्णाच्या माणसाचे कापलेले शिर खोचलेले आहे. एक बाण त्या शिरात घुसलेला आहे. शिरावर एक घुबड बसले आहे, दुसरे खाली कोसळते आहे. वर आकाशात, युरोपातल्या ख्रिस्ती चित्रांतून उचललेली पंखवाली बालके बादशहाला शस्त्रे पुरवीत आहेत. न्यायाचा तराजू लटकतो आहे आणि पायाखालच्या गोलावर हिंस्र व गरीब जनावरे एकमेकांशेजारी सुखाने बसली आहेत.

ते शिर मलिक अंबराचे. अहमदनगरच्या निजामशाहीचा हा वजीर, जहांगीरच्या दख्खनमधल्या फौजांना वीसएक वर्षे जेरीस आणणारा. हे चित्र काढले गेले तेव्हा मलिक अंबर जिवंत होता. त्यानंतर तो आणखी दहा वर्षे जगला, लढला, आणि १४ मे १६२६ रोजी ऐंशीच्या उंबरठ्यावर पोचून नैसर्गिक मृत्यूने गेला. त्याचे शिर कधीच कोणी कापले नाही. जहांगीर आणि तो आयुष्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत. जगातल्या सर्वांत श्रीमंत दरबाराने आपल्या सर्वश्रेष्ठ चित्रकाराला बसवून जी हत्या घडवली, ती फक्त रंगांत घडली.

आता दुसरे चित्र. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रकार हाशिम, काळ साधारण १६२० ते १६२५. त्यात पृथ्वीचा गोल नाही, घुबडे नाहीत, बाण नाहीत. एक माणूस उभा आहे, एवढेच. तोच मलिक अंबर, त्याच मोगल दरबाराच्या चित्रकाराने काढलेला. पण हा पुरता माणूस आहे, आपल्या पायांवर उभा असलेला, आणि त्याच्याकडे पाहताना चित्रकाराच्या मनात तिरस्काराचा लवलेशही असावा असे वाटत नाही. एकाच माणसाची, एकाच दरबारातून निघालेली ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा मला भारतीय चित्रकलेतला एक मोठा विस्मय वाटतो.

हाशिमच्या चित्राकडे सावकाश पाहू या.

सर्वांत आधी जाणवते ती रिकामी जागा. माणसाच्या मागे महाल नाही, बाग नाही, नोकरचाकर नाहीत. जहांगीरच्या काळात मोगल चित्रशाळेत एकट्या उभ्या माणसाची तसबीर काढण्याची ही रीत पक्की झाली होती. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी ठेवायची, म्हणजे नजर कुठे भटकत नाही. अकबराच्या काळातल्या चित्रांत गर्दी असते, किल्ल्यांवरचे हल्ले असतात, हत्ती बेफाम धावतात. त्या गर्दीतून एका माणसाला बाहेर काढून, कोऱ्या भिंतीपुढे उभे करून त्याच्याकडे निरखून पाहण्याची सवय मोगल चित्रकलेने पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कमावली.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्याची बाजू. मलिक अंबर आपल्याकडे पाहत नाही. चेहरा पूर्ण बाजूने काढलेला आहे, एकच डोळा दिसतो. या पद्धतीला चित्रकार एकचष्मी म्हणतात. समोरून किंवा तिरकस काढलेल्या चेहऱ्यात माणसाचा भाव अधिक पकडता येतो, मग मोगलांनी एकचष्मी तसबीर का पसंत केली? एक कारण अचूकपणाचे. कपाळाचा उतार, नाकाचा कणा, ओठांची ठेवण, हनुवटी, गळा ही सगळी एका अखंड रेषेत येतात, आणि ती रेषा एकदा बरोबर पकडली की माणूस ओळखू येतोच. दुसरे कारण मानाचे. दरबारी माणूस प्रेक्षकाकडे टक लावून पाहत नाही. बादशहाही याच बाजूने काढला जाई. म्हणजे हाशिमने मलिक अंबराला जी ढब दिली ती कैद्याची किंवा चोराची नाही, उमरावाची आहे. फक्त प्रभामंडळ नाही. ते तैमूरच्या वंशजांसाठी राखीव होते.

मग कपडे. पांढरा, पातळ मलमलीचा जामा, कमरेला पटका, आणि शस्त्र. पांढऱ्यावर पांढरे रंगवणे हे कुंचल्याच्या हाताची परीक्षा पाहणारे काम आहे. आतले कापड बाहेरच्या कापडातून किंचित दिसले पाहिजे, चुण्या पडल्या पाहिजेत, पण कुठेही करडेपणा येऊन कापड मळके दिसता कामा नये. दख्खनच्या उन्हात मलमलीचा जामा घालणारा सरदार कापसाच्या मुलखाचा धनी असतो, हे त्या काळच्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नसे. जहांगीरच्या तसबिरींत मोत्यांचे सर, पाचू, माणके यांची जी दाटी असते ती इथे नाही. या माणसाचा अधिकार दिसतो तो त्याच्या उभे राहण्यातून आणि हत्यारावरच्या त्याच्या हातातून.

आणि त्वचा. इथे हाशिमची खरी कसोटी होती. काळा वर्ण रंगवायचा तर काजळाचा एक सपाट थर देऊन मोकळे होणे सोपे होते. नोकर, गुलाम, राक्षस असे कितीतरी वेळा रंगवले गेले आहेत. हाशिमने तसे केले नाही. तपकिरीपासून काळ्यापर्यंतच्या छटा त्याने अगदी बारीक टिपक्यांनी एकमेकींत मिसळल्या आहेत. या टिपक्यांच्या कामाला परदाज म्हणतात. त्यामुळे कपाळाला गोलाई येते, गालाखाली सावली येते, मानेला वजन येते. उतारवयातला, भरदार अंगाचा, हुकूम देण्याची सवय असलेला माणूस समोर उभा राहतो.

अशी तसबीर होते कशी, तेही पाहायला हवे. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून जाड पत्रा करीत. त्याला वसली म्हणतात. अकीकाच्या दगडाने तो घोटून काचेसारखा गुळगुळीत करीत. माणसाचा चेहरा एकदा समोर बसवून किंवा दरबारात पाहून कच्चा काढला की त्याचा चरबा, म्हणजे हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर घेतलेला ठसा, चित्रशाळेत जपून ठेवीत. पुढे त्याच माणसाचे चित्र पुन्हा हवे झाले की चरब्याच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडायची, वरून कोळशाची पूड झटकायची, आणि खालच्या कागदावर ठिपक्यांचा खाका उमटवायचा. त्यावर सफेद्याचा पातळ हात, मग रंग, पुन्हा घोटाई, पुन्हा रंग. शेवटच्या रेषांसाठी खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली वापरीत. चरबा ही मोगल कारभाराची एक प्रकारची नोंदवही होती. माणूस हजारो मैलांवर असला तरी त्याचा चेहरा राजधानीत ठेवलेला असे.

जहांगीरला या गोष्टीचे महत्त्व नेमके कळत होते. इराणच्या शाह अब्बासकडे १६१३ मध्ये वकील पाठवला तेव्हा त्याने बिशनदास नावाचा चित्रकार सोबत दिला, शाहचा आणि त्याच्या सरदारांचा हुबेहूब चेहरा काढून आणण्यासाठी. काम इतके चांगले झाले की परत आल्यावर बादशहाने बिशनदासला हत्ती बक्षीस दिला. आपल्या आत्मचरित्रात जहांगीर अभिमानाने सांगतो की एकाच चित्रात डोळे एकाने आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असल्या तरी कोणते काम कोणाचे हे आपण ओळखतो. अशा जाणकार, चिकित्सक मालकासमोर हाशिमला आपले चित्र ठेवायचे होते. तिथे खोटा चेहरा खपला नसता.

हाशिम स्वतः दख्खनमधून मोगल दरबारात गेला असावा असे कलेचे अभ्यासक मानतात, आणि त्याच्या कामाकडे पाहता ते पटते. दख्खनच्या बड्या लोकांच्या तसबिरी ही त्याची खासियत होती. विजापूरचा इब्राहिम आदिलशहा दुसरा त्याने काढला. मोगलांचा सेनापती आणि हिंदीतला थोर कवी अब्दुर्रहीम खानखानान याची हाशिमने काढलेली उतारवयातली तसबीर वॉशिंग्टनमध्ये आहे. खानखानानने आयुष्याची बरीच वर्षे दख्खनच्या स्वारीत मलिक अंबराशी झगडण्यात घालवली. म्हणजे रणांगणावरचे हे दोन प्रतिस्पर्धी एकाच कुंचल्यातून उतरले आहेत, आणि दोघांनाही हाशिमने सारखाच आदर दिला आहे.

बादशहाच्या लेखणीने मात्र तो दिला नाही. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मलिक अंबराचे नाव क्वचितच शिवीशिवाय घेतो, आणि ती शिवी बहुधा वर्णावरून असते: काळतोंड्या, अभागी. अबुल हसनच्या चित्रावर ज्या फार्सी ओळी लिहिलेल्या आहेत त्यांतही रात्र, अंधार आणि घुबड यांच्याच उपमा आहेत. प्रकाश म्हणजे बादशहा, काळोख म्हणजे हबशी. १६१६ साली मोगल फौजेने रोशनगावजवळ मलिक अंबराचा पराभव केला होता आणि त्याने वसवलेली खडकी जाळली होती, तेव्हा आनंदाला निमित्तही होते. पण काही वर्षांतच अंबर पुन्हा उभा राहिला. चित्रातल्या बादशहाचे धनुष्य आणि अंबराचे शिर यांच्यातले अंतर पाहा. इतक्या जवळून नेम चुकणे शक्यच नाही. ज्या शत्रूवर प्रत्यक्षात कित्येक नेम चुकले, त्याच्यासाठी चित्रकाराने ही काळजी घेतली आहे.

माझे म्हणणे असे आहे की अबुल हसनचे चित्र बादशहाची भीती सांगते आणि हाशिमचे चित्र ज्याची भीती होती तो माणूस सांगते. मोगल दरबारात बोलण्या-लिहिण्यावर बादशहाच्या रागाचा ताबा होता. पण हुबेहूबपणाची जी शिस्त त्याच दरबाराने चित्रकारांना लावली होती, तिच्यावर त्या रागाचे काही चालले नाही.

तर हा माणूस होता कोण?

जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, लाल समुद्र ओलांडून अरबस्तान, तिथून बगदाद. एका मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब शिकवला, मुसलमान केले, अंबर हे नाव दिले. मग दख्खन. इथे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले, जो स्वतःही पूर्वीचा हबशी गुलामच होता. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करीत विजापूरकडे गेला, परत आला, हळूहळू स्वतःचे घोडदळ जमवले. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबराने त्या घराण्यातला एक वारस शोधून त्याला मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि राज्य पुन्हा उभे केले. १६१० मध्ये खडकी वसवली, जिला पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. जमिनीखालून नळ आणि विहिरींची साखळी काढून डोंगरातले पाणी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच. जमीन मोजून, तिचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढच्या राज्यांनीही उचलली.

त्याच्या फौजेचा कणा मराठे होते. हलके घोडे, थोडे सामान, मोगलांची रसद तोडायची आणि समोरासमोर लढाई टाळायची. निजामशाहीच्या चाकरीत मालोजी भोसले होते, नंतर शहाजी. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबराने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. त्या लढाईत शहाजी लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. शिवछत्रपतींच्या चरित्रावर कवींद्र परमानंदाने लिहिलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात मलिक अंबराचा उल्लेख शत्रूला नमवणारा तेजस्वी वीर म्हणून येतो. महाराष्ट्राच्या इतिहासात तो उपरा नाही, हे मी मुद्दाम सांगतो आहे.

या माणसाला प्रत्यक्ष पाहून त्याचे शब्दांत वर्णन करणारा एक युरोपीय होता: डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूके. १६१७ मध्ये त्याची जहाजे गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली आणि तो आपल्या लोकांसह सुरतेहून मछलीपट्टणकडे खुष्कीच्या मार्गाने निघाला. वाटेत मलिक अंबराची छावणी लागली. ब्रूकेने लिहून ठेवले आहे की तो उंच आणि बळकट बांध्याचा होता, चेहरा कठोर, जुन्या रोमन पुतळ्यांची आठवण व्हावी असा, डोळे पांढुरके आणि काचेसारखे. ते डोळे त्याला शोभत नाहीत, असेही तो म्हणतो. प्रजेला आणि फौजेला त्याच्याबद्दल प्रेम आणि धाक दोन्ही होते, आणि छावणीत शिस्त कडक होती, हीही त्याचीच नोंद. ब्रूकेने हाशिमचे चित्र पाहिले नव्हते, हाशिमने ब्रूकेची वही वाचली नव्हती. तरी कठोर चेहरा आणि दणकट अंग या दोन गोष्टींवर दोघांचे एकमत आहे. तसबीर खरी असल्याची यापेक्षा चांगली साक्ष क्वचितच मिळते.

आणि इथे एक योगायोग आहे, जो कळला तेव्हा मी थक्क झालो. या ब्रूकेचीही तसबीर आहे. मायदेशी परतल्यावर, १६३३ च्या सुमारास, हॉलंडचा थोर चित्रकार फ्रान्स हाल्स याने ती तैलरंगांत काढली, आणि तीही आज लंडनमध्येच, केनवुड हाऊसमध्ये टांगलेली आहे. ज्याने पाहिले तो आणि ज्याला पाहिले तो, दोघेही एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर आहेत.

दोन्ही तसबिरी मनात शेजारी धरल्या की प्रतिष्ठित माणूस रंगवण्याच्या दोन पूर्ण वेगळ्या समजुती दिसतात. हाल्सचा ब्रूके आपल्याकडे तोंड करून आहे, जवळजवळ हसतो आहे. केस विस्कटलेले, गाल उन्हातान्हाने रापून लालसर झालेले, अंगावर काळे कपडे, आणि त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीने बक्षीस दिलेली सोन्याची साखळी. कुंचल्याचे फटकारे मोकळे आहेत, जवळून पाहिले तर नुसते रंगाचे पट्टे दिसतात. हाल्सला क्षण पकडायचा होता: हा माणूस आत्ताच काहीतरी बोलला, आता पुन्हा बोलेल. हाशिमला क्षण नको होता. त्याच्या मलिक अंबराने काही बोललेले नाही आणि तो काही बोलणारही नाही. त्याच्या चित्रात एकही फटकारा वेगळा दिसत नाही, कुंचला कुठून कुठे गेला ते कळत नाही. डच व्यापाऱ्याला आपली नवी कमाई दाखवायची आहे, म्हणून साखळी पुढे आहे. दख्खनच्या वजिराला दाखवण्यासारखे काही उरलेले नाही. गुलामगिरीत गेलेले बालपण, चाळीस वर्षांची शिपाईगिरी, कोसळलेल्या गादीची पुन्हा केलेली उभारणी, यांतले काहीच चित्रात नाही. आहे फक्त त्या सगळ्यातून तयार झालेले शरीर.

मला विचाराल तर हाल्सचा ब्रूके लगेच आवडतो आणि हाशिमचा अंबर हळूहळू आवडत जातो. नंतर तो मनातून जात नाही.

या चित्रांचा पुढचा प्रवासही विलक्षण आहे. मोगल बादशहा निवडक तसबिरी आणि सुलेखनाची पाने एकत्र बांधून मुरक्का, म्हणजे चित्रसंग्रहाची पोथी तयार करवीत. पानांच्या कडेला फुलझाडांची नाजूक नक्षी काढवीत. जहांगीर आणि विशेषतः शाहजहानच्या काळात जमलेला असा एक संग्रह पुढे फिरत फिरत लॉर्ड मिंटो या गव्हर्नर जनरलच्या घराण्याकडे गेला, म्हणून त्याला मिंटो मुरक्का म्हणतात. अबुल हसनचे भाल्यावरचे शिर आणि हाशिमचा उभा अंबर, दोन्ही याच संग्रहातली पाने. १९२५ मध्ये लंडनला लिलाव झाला आणि संग्रह दोन वाटण्यांत फुटला, काही पाने संग्रहालयाला आणि काही आल्फ्रेड चेस्टर बीटी या खाण उद्योजकाला मिळाली. तोवर, म्हणजे कित्येक पिढ्या, ही दोन्ही चित्रे एकाच संग्रहाची होती.

शाहजहानने ही पाने उलटताना काय विचार केला असेल? कारण मलिक अंबराला तो बापापेक्षा फार चांगला ओळखत होता. राजपुत्र खुर्रम म्हणून १६१७ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये त्याने दख्खनवर स्वारी करून अंबराला तहाला भाग पाडले होते. शाहजहान ही पदवी त्याला त्यातल्या पहिल्या मोहिमेबद्दल मिळाली. पुढे त्यानेच बापाविरुद्ध बंड केले, बंड फसले, आणि बादशाही फौजा पाठीवर घेऊन पळताना तो पुन्हा दख्खनला आला तेव्हा त्याला आसरा देणारा आणि हातमिळवणी करणारा मलिक अंबरच होता. अंबर गेल्यावर मोगल बखरकार मुतमदखानाने जे लिहिले त्यात शिवी उरलेली नाही. युद्धकलेत, सेनापतित्वात, कारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा आशय आहे. हाशिमने जे आधी रंगाने सांगितले होते ते दरबाराच्या शाईला काही वर्षांनी सांगता आले.

हे सगळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात बसून लिहिण्याचे कारणही सांगितले पाहिजे. ज्या वऱ्हाडासाठी मोगल आणि मलिक अंबर झगडत होते त्याचे पूर्वेचे टोक म्हणजे आमचा मुलूख. अहमदनगरच्या चांदबीबीने १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना दिले, आणि त्या सुभ्याची जी यादी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे तिच्यात माणिकदुर्ग हे एक सरकार आहे. ते नाव जंगलातल्या माणिकगडाचे, जो पिढ्यान्‌पिढ्या राजुरा तालुक्याचा भाग होता आणि आता जिवती तालुक्यात मोडतो. त्याच ग्रंथात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाचीही नोंद आहे: बाबजी, एक हजार घोडेस्वार, चाळीस हजार पायदळ. मलिक अंबराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत निजामशाही बुडाली, मोगल आले, मग हैदराबादचे निजाम. वर्धा नदीच्या अलीकडचा राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होता.

बाबजीच्या वाट्याला मोगल कागदांत आकडे आले, मलिक अंबराच्या वाट्याला चेहरा आला. याचा अर्थ चांद्याचे राजे स्वतःची प्रतिमा घडवीत नव्हते असा नाही. त्यांची प्रतिमा वेगळ्या जागी आहे. राजुऱ्याहून बल्लारपूरचा पूल ओलांडून चंद्रपूरला जावे आणि जुन्या परकोटाच्या दरवाजांकडे वर पाहावे. दगडात एक सिंह कोरलेला दिसतो, त्याने हत्तीला दाबून धरले आहे. हे गोंड राजांचे चिन्ह, आणि वर हाशिमच्या तसबिरीला जे प्रश्न विचारले तेच याला विचारता येतात. सिंहही बाजूनेच काढला आहे, म्हणजे शरीराची सगळी रेषा एकदम दिसते. पार्श्वभूमी कोरी आहे. आणि आकार पाहा: जो प्राणी निसर्गात सिंहाच्या कितीतरी पट मोठा असतो, तो इथे सिंहाच्या पंज्याखाली मावतो. अबुल हसनने बादशहाला पृथ्वीपेक्षा मोठा केला, त्याच हिशेबाने इथल्या पाथरवटाने सिंहाला हत्तीपेक्षा मोठे केले.

आपल्या पतीची, गोंड राजा बीरशहाची, समाधी चंद्रपुरात बांधणाऱ्या राणी हिराईने तिथे त्याचा चेहरा कोरवला नाही. खुलदाबादला मलिक अंबराची कबर आहे, जवळच त्याच्या पत्नीची, बीबी करीमाची. तिथेही चेहरा नाही, असायचा नव्हताच. फरक इतकाच की अंबराच्या बाबतीत त्याच्या शत्रूने एक चांगला चित्रकार पोसला होता. बीरशहाबद्दल आपल्याला हिराईच्या दगडांकडून जे कळेल तेवढेच कळेल, आणि ते दगड अजून नीट वाचले गेलेले नाहीत. दरवाजांवरच्या प्रत्येक सिंहाची मोजमापे, हत्तीच्या सोंडेची दिशा, एका दरवाजावरचे शिल्प दुसऱ्यापेक्षा कुठे वेगळे आहे, याची रेखाटने कोणीतरी तरुण विद्यार्थ्याने, चरबा घेणाऱ्या चित्रकाराच्या चिकाटीने, करायला हवीत. पावसाळ्यानंतर शेवाळ वाळले की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सकाळचे तिरपे ऊन त्या कोरीवकामाच्या कडा चांगल्या उठवून दाखवते.